भिंती फोडताय ना, मग न्यूट्रल ओढून घ्या. स्पीकर नंतर बघू

पत्र: दादा, नाशिकला आमचं जुनं रो-हाऊस आहे. खाली हॉल, किचन आणि सासूसासऱ्यांची खोली, वर दोन बेडरूम, त्यावर गच्ची. घर १९९८ चं, वायरिंग पण तेव्हाचंच, आता सगळं नवीन करतोय. सोमवारपासून भिंती फोडायला सुरुवात. मिस्टर आयटीत आहेत, आठवडाभर पुण्याला असतात, त्यांना घर पूर्ण स्मार्ट हवंय आणि एका कंपनीने साडेतीन लाखाचं कोटेशन दिलंय. वायरमन म्हणतो मॅडम आत्ता काही करू नका, नंतर वायफायवर सगळं होतं. सासरे म्हणतात बटण ते बटण, मी लाईट लावायला मोबाईल शोधत बसणार नाही. दीर अमेरिकेतून रोज एक नवीन लिंक पाठवतात. दिवाळीच्या आत घर तयार हवंय. आत्ता नेमकं काय करून घेऊ आणि काय नको?
– गोंधळलेली सून

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातल्या सगळ्या माणसांमधे सासरे सगळ्यात जास्त बरोबर आहेत आणि वायरमन सगळ्यात कमी. मिस्टरांचं चूक नाहीये, फक्त ते दुसऱ्या टोकापासून सुरुवात करतायत. आणि दिरांच्या लिंका वाचू नका असं मी म्हणणार नाही, पण अमेरिकेतलं वायरिंग १२० व्होल्टचं, त्यांचे स्विचबॉक्स वेगळे, पंख्याचं गणित वेगळं, घरात इन्व्हर्टर नाही, गच्चीवर टाकी नाही, त्यामुळे तिकडे जे "बेस्ट" ते नाशिकचं इंदिरानगर काय नि सिडको काय, आपल्याकडे बसेलच असं नाही.

पहिली गोष्ट, त्या साडेतीन लाखाच्या कोटेशनवर सोमवारच्या आत सही करू नका. त्यातला भिंतीच्या आत जाणारा भाग किती आणि भिंतीवर लागणारा भाग किती, हे वेगळं करून मागा. आत जाणारं म्हणजे वायर, पाइप, बॉक्स. वर लागणारं म्हणजे टच पॅनल, हब (सगळ्या स्मार्ट वस्तूंना जोडणारा मधला डबा), सेन्सर, स्पीकर, कॅमेरे. माझा अंदाज आहे की पहिला भाग एकूण रकमेच्या मानाने अगदीच लहान निघेल, आणि तोच तुम्हाला आत्ता करायचाय. कारण भिंत परत वीस वर्षं कोणी फोडत नाही, आणि ही वरची यंत्रं पाच-सात वर्षांत जुनी होतातच. नुसती जुनी झाली तर ठीक, कधीकधी कंपनीच उठते. रिव्हॉल्व्ह नावाचा ३०० डॉलरचा हब होता अमेरिकेत, ती कंपनी नेस्टने विकत घेतली आणि मे २०१६ मधे हब बंदच केला, लोकांच्या घरात चालू असलेला डबा एका दिवसात निकामी झाला. एप्रिल २०२२ मधे इन्स्टिऑनचे सर्व्हर असेच काही न सांगता बंद पडले, नंतर तिच्या काही ग्राहकांनीच ती विकत घेऊन परत चालू केली ते सोडा. तर ज्या वस्तूचं आयुष्य कोणा दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून आहे तिच्यासाठी भिंत फोडायची नाही, पण उद्या कुठल्याही कंपनीची वस्तू बसेल अशी भिंत तयार ठेवायची.

आता न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर. सोमवारी वायरमनला एकच वाक्य सांगायला वेळ मिळाला तर हे सांगा: "घरातल्या प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल पाहिजे, ज्या बोर्डात प्लग पॉइंट नाही त्यातसुद्धा." का ते तुम्हाला सांगतो, म्हणजे तो "गरज नाही मॅडम" म्हणाला तर उत्तर तयार असेल. साधं बटण फक्त फेज (वीज आणणारी वायर) तोडतं आणि जोडतं, त्याला स्वतःला वीज लागत नाही, म्हणून जुन्या वायरमन लोकांनी जिथे फक्त बटणं आहेत तिथे न्यूट्रल आणलेलाच नसतो, तो थेट दिव्याकडे जातो. स्मार्ट स्विचच्या आत मात्र एक छोटा रेडिओ चोवीस तास जागा असतो, त्याला सतत थोडी वीज हवी आणि त्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्ही बोर्डात हवेत. आपल्याकडे बऱ्याच बोर्डात बटणांबरोबर एखादा प्लग असतोच, तिथे न्यूट्रल आपसूक मिळतो, पण बाथरूमच्या बाहेरचा बोर्ड, जिन्याचे दोन्ही बोर्ड, पलंगाच्या उशाशी असलेला दोन बटणांचा बोर्ड, गॅलरीचा, पोर्चचा, हे बहुतेक कोरडे असतात. आणि नेमके हेच बोर्ड पुढे स्मार्ट करावेसे वाटतात.

बाजारात बिनन्यूट्रलचे स्विचही मिळतात हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. मिळतात, पण ते आपली वीज दिव्यामधूनच थोडी थोडी खेचून घेतात, आणि हल्लीचे एलईडी इतक्या कमी वॅटचे असतात की बंद केला तरी बल्ब मंद मिणमिणत राहतो नाहीतर लुकलुकतो. भाड्याच्या घरात नाइलाज म्हणून ठीक आहे. तुमच्या भिंती उघड्या असताना ती तडजोड कशाला.

फक्त एक काळजी, न्यूट्रल ज्या सर्किटची फेज त्याच सर्किटचा हवा. कामाच्या घाईत शेजारच्या खोलीचा जवळचा न्यूट्रल उचलून लूप मारून देतात, दिवे लागतात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण डीबीत (मेन स्विचच्या डब्यात) दोन आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारे स्विच) असतील आणि फेज एकातून, न्यूट्रल दुसऱ्यातून आला तर तो विनाकारण ट्रिप होत राहतो, मग पावसाळ्यात "ओल आली असेल" म्हणून लोक आरसीसीबीच काढून टाकतात. तसं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा माणूस वाचवायला असतो. इन्व्हर्टरच्या लाइनचंही तसंच, तिची फेज वेगळी आणि न्यूट्रलही तिच्याच बरोबरचा, मेनच्या न्यूट्रलशी सरमिसळ नको.

बॉक्स खोल घ्यायला सांगा. बोर्डाच्या मागे वायरींचा गुंता, त्यात आणखी काडेपेटीएवढं स्मार्ट मॉड्यूल (बटणामागे बसणारं छोटं सर्किट) कोंबायचं, उथळ बॉक्स असेल तर प्लेट बसत नाही आणि मग वायरी दाबून दाबून बसवतात, तापायला निमित्त. ५० मिलिमीटरच्या आसपास खोली असेल तर बरं. आणि जिथे सहा मॉड्यूलचा, म्हणजे सहा बटणांच्या जागेचा, बॉक्स लागतोय तिथे आठचा घ्या, दोन जागा ब्लँक प्लेटने बुजवा. वायरिंगचा पाइप २० मिलिमीटरचा टाकत असतील तर मुख्य मार्गावर २५ चा मागा, फरक फार पडत नाही. मोकळ्या पाइपात ओढायची तार सोडून ठेवायला सांगा, पुढे काही टाकायचं झालं तर भिंतीला हात न लावता वायर ओढून घेता येते. वायर दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची, १६ अँपिअरच्या पॉइंटला अडीचची, गीझर आणि एसीला चारची, हे तुमचा वायरमन सांगेलच, त्यात स्मार्ट-बिमार्ट काही नाही, पण पैसे वाचवायला इथे कात्री लावू देऊ नका.

पंख्याचा विषय सगळ्यात जास्त गोंधळाचा आहे आणि कोटेशनवाले त्यावर पटकन पुढे सरकतात. तुम्ही नवीन पंखे घेणार असाल तर बहुतेक बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या पद्धतीच्या मोटरचे) घेणार, जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, हा फुल स्पीडला ३० च्या आसपास, बिलात फरक दिसतो, घ्याच. पण बीएलडीसी पंख्याच्या आत त्याचं स्वतःचं सर्किट असतं आणि वेग रिमोटने किंवा ॲपने बदलतो, त्यातल्या बहुतेकांना भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही, ना साधा ना स्मार्ट. म्हणजे कोटेशनमधे "फॅन डिमर मॉड्यूल, ४ नग" असं लिहिलं असेल आणि पंखे बीएलडीसी येणार असतील तर ते चार नग सरळ वाया, वर पंखा गुणगुणायला लागेल किंवा त्याचं सर्किट जाईल ते वेगळंच. अशा पंख्याला साधं ऑन-ऑफ बटण ठेवा. जुनेच पंखे ठेवणार असाल तर मात्र कपॅसिटरवर चालणारा स्टेप रेग्युलेटर मागा, दिव्याच्या डिमरसारखा जो असतो त्यावर पंखा घूं घूं आवाज करतो. रात्रभर तो आवाज सासूबाईंनी ऐकला की मग स्मार्ट होमचा विषयच घरात निघायचा नाही.

तुमचा वायरमन म्हणतो "वायफायवर होतं". होतं की, पण वायफाय आधी घरभर पोचलं पाहिजे ना. दोन मजल्यांमधे आरसीसी स्लॅब, त्यात लोखंडाची जाळी, आणि फायबरवाला येऊन राउटर लावतो कुठे, तर गेटजवळच्या खिडकीतून वायर आत येते तिथेच, टीव्हीच्या मागे. मग वरच्या मागच्या बेडरूममधे एकच काडी. स्मार्ट प्लग, बल्ब, स्विच बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, ते भिंतीतून ५ गिगाहर्ट्झपेक्षा बरं जातं, तरी स्लॅबपुढे त्याचंही काही चालत नाही, आणि घरात अशा तीस-चाळीस वस्तू झाल्या की कंपनीने फुकट दिलेला राउटर दमतो.

म्हणून आत्ता काय करायचं, तर कॅट सिक्स केबल (इंटरनेटची, नेटवर्कची वायर) टाकून घ्यायची. घरातली एक जागा ठरवा, जिन्याखालचं कपाट असेल तर उत्तम, तिथे फायबर आणा, राउटर तिथे ठेवा, इन्व्हर्टरच्या लाइनवरचे दोन-तीन प्लग द्या, आणि तिथून एक केबल वरच्या मजल्याच्या पॅसेजच्या छताला, एक टीव्हीमागे, एक मिस्टरांच्या टेबलाला, एक गेटच्या खांबाला, एक गच्चीच्या दाराजवळ. वरच्या पॅसेजमधे ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) लागला की वायफायची तक्रार संपली. केबल पूर्ण तांब्याची मागा, सीसीए म्हणून जी स्वस्तात येते ती आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा, कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज द्यायची झाली की तिथे गडबड करते. आणि हिचा पाइप विजेच्या पाइपापासून वेगळा, जमेल तितका फूटभर लांब, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात. वायरमन म्हणेल एकाच पाइपात टाकून देतो, त्याला नको म्हणायचं. नुसती गोंगाटाची भीती नाही, २३० व्होल्टची आणि डेटाची वायर एकत्र असणं धोक्याचंच आहे.

गेटच्या खांबाला केबल का, तर बेलसाठी. परदेशातल्या बऱ्याच व्हिडिओ डोअरबेल कमी व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चालतात आणि आपल्या बेलच्या पॉइंटात थेट २३० व्होल्ट असतात. दिरांनी सुटकेसमधून आणलेली बेल हौसेने तिथे जोडली की धूर. कॅट सिक्स असेल आणि तिच्यावर चालणारी बेल घेतली तर त्याच केबलने वीज आणि चित्र दोन्ही जातं.

लाईट जाण्याचा विचार कोणी करत नाही, आणि आपल्याकडे तर तो आधी करायचा. लाईट गेली की राउटर बंद, राउटर बंद की ॲप मेलं. म्हणून राउटर, हब आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर, किंवा बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात तर छोटा राउटर यूपीएस मिळतो तो. दुसरं, स्विच किंवा बल्ब घेताना एक सेटिंग बघायचं, लाईट परत आल्यावर तो कुठल्या अवस्थेत येतो. काही स्वस्त बल्ब लाईट आली की आपोआप लागतात. रात्री तीनला महावितरणची लाईट आली आणि घरातले सगळे दिवे फटाफट पेटले की सासऱ्यांना जे वाटेल ते तुम्हाला ऐकावं लागेल, मला नाही. "आधी होतं तसंच" किंवा "बंद" असा पर्याय असला पाहिजे. तिसरं, डीबीमधे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस (एसपीडी) बसवून घ्या, मे महिन्यातल्या विजा आणि व्होल्टेजचे झटके या नाजूक सर्किटांना सोसत नाहीत, आणि एसपीडीला अर्थिंग धड असेल तरच अर्थ आहे, त्यामुळे १९९८ च्या अर्थिंगचा खड्डा एकदा तपासून घ्या, ओलावा आहे का, पट्टी गंजली का. इन्व्हर्टर नवीन घेत असाल तर प्युअर साइन वेव्हचाच घ्या, स्क्वेअर वेव्हवर पंखे आणि मॉड्यूल दोन्ही कुरकुर करतात.

आता सासऱ्यांचं. "बटण ते बटण" हे मी या विषयात ऐकलेलं सगळ्यात शहाणं वाक्य आहे आणि ते तुमच्या कोटेशनच्या वर लिहून ठेवा. भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागलाच पाहिजे, इंटरनेट असो नसो, राउटर असो नसो, मोबाईल चार्ज असो नसो. म्हणून स्मार्ट बल्ब नको, स्मार्ट स्विच हवा. स्मार्ट बल्बचं बटण कोणीतरी सवयीने बंद करतं, की बल्बला वीजच नाही, मग ॲपमधे "ऑफलाइन" दिसतं आणि मिस्टर पुण्याहून फोन करतात की कोणी बंद केलं. त्यापेक्षा साध्या मॉड्युलर बटणाच्या मागे लपणारं मॉड्यूल घ्या, बटण तेच, दिसायला तेच, दाबायची पद्धत तीच, आणि आतून ते वायफायवरही चालतं. काचेचे टच पॅनल मला तरी वडिलधाऱ्यांच्या खोलीत पटत नाहीत. अंधारात हात फिरवून बटण सापडत नाही, ओल्या हाताने नीट लागत नाही, आणि एक पॅनल बिघडलं की सहाच्या सहा पॉइंट एकदम जातात.

त्यांना खरा उपयोग कशाचा होईल तर रात्री बाथरूमला जाताना पायाशी लागणाऱ्या मंद दिव्याचा. पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत आणि जिन्यात, जमिनीपासून फूटभर उंचीवर दोन-तीन पॉइंट काढून घ्या, मोशन सेन्सरवर लागतील आणि विझतील. यासाठी ना ॲप लागतं ना आवाजाचा हुकूम. दुसरा उपयोग गीझर. चालू करून विसरणं हे सगळ्याच घरात होतं. १५ लिटरचा २ किलोवॅटचा गीझर पाणी तापवायला साधारण वीस मिनिटं घेतो, टायमर लावला की अर्ध्या तासाने आपोआप बंद. मात्र २ किलोवॅट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर आणि ३ किलोवॅट म्हणजे १३, त्यामुळे १० अँपिअरचा स्मार्ट स्विच इथे लावायचा नाही, १६ चाच, आणि तोही नाव असलेल्या कंपनीचा.

बोलणारा स्पीकर सासूबाईंना आवडेलही, भजनं लावायला बरा. अलेक्साला २०१९ पासून हिंदी येतं, दिव्याचं नाव मात्र सोपं ठेवा, "हॉल लाईट", "देवघर". पण त्यांच्या खोलीत ठेवताना आधी विचारा, त्याचा माईक बंद करायचं बटण दाखवा. कॅमेऱ्याचं मी जरा कडक बोलणार आहे: घराच्या आत, हॉलमधे, कॅमेरा नको. "आईबाबांची काळजी वाटते" म्हणून लावतात आणि मग आईबाबा स्वतःच्याच हॉलमधे पदर सावरून बसतात. गेटवर लावा, गच्चीच्या दाराशी लावा, आणि तोंड आपल्याच अंगणाकडे ठेवा, रो-हाऊसमधे शेजाऱ्यांचं दार चार फुटांवर असतं.

पाण्याच्या मोटरीचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, आणि माझ्या मते तुमच्या घरात सगळ्यात आधी हेच स्मार्ट व्हायला हवं. सकाळी पालिकेचं पाणी हौदात येतं, मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, आणि मग कोणीतरी विसरतं आणि पाणी भिंतीवरून वाहायला लागलं की शेजारची काकू ओरडते, "अहो टाकी भरली!" हे काम यंत्राने करायला आज इंटरनेटही लागत नाही. टाकीत वरच्या पातळीला एक सेन्सर, हौदात तळाशी एक, टाकी भरली की मोटर बंद, हौद आटला तरी बंद म्हणजे मोटर कोरडी फिरून जळत नाही. यासाठी गच्चीपासून मोटरच्या बोर्डापर्यंत एक स्वतंत्र पाइप आणि त्यात कमी व्होल्टची तीन-चार कोरची केबल आत्ताच टाकून ठेवा, बाहेरचा रंग व्हायच्या आत. नंतर ही केबल भिंतीवरून लोंबकळत येते, उन्हाने फुटते, दोन पावसाळ्यात गेली. आणि मोटर थेट स्मार्ट प्लगवर कधीच नाही. १ एचपीची मोटर चालताना पाच-सहा अँपिअर घेते खरी, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट खेचते, प्लगच्या आतला छोटा रिले त्याने चिकटून बसतो आणि मग ॲप म्हणतं बंद, मोटर चालूच. मधे कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेलणारा दणकट स्विच) हवा, स्मार्ट वस्तू फक्त कॉन्टॅक्टरला हुकूम देणार. आणि शेजारी एक हाताने चालवायचं बटण, कंट्रोलर बिघडला त्या दिवशी घरात पाणी नाही असं व्हायला नको.

बाकी पटापट. पडद्याला मोटर आज नको असेल तरी पेल्मेटच्या एका कोपऱ्यात ५ अँपिअरचा एक पॉइंट काढून ठेवा, मोठ्या खिडक्यांना तरी. स्मार्ट लॉक घ्यायचं तर दाराची जाडी मोजल्याशिवाय घेऊ नका, आणि तुमच्याकडे बाहेर जाळीचा सेफ्टी दरवाजा असेलच, कुठल्या दाराला लावणार ते आधी ठरवा, साध्या किल्लीने उघडणारंच घ्या. जिन्याचं टू-वे (वरून आणि खालून दोन्हीकडून लागणारा दिवा) असेल तिथे दोन्ही बोर्डात न्यूट्रल आणि दोन बोर्डांच्या मधे एक जादा वायर, एवढं केलं की पुढे कुठलंही मॉड्यूल बसतं. एसी स्मार्ट करायला भिंतीत वेगळं काहीच नको, रिमोटची नक्कल करणारा छोटा आयआर ब्लास्टर येतो तो पुरतो.

मिस्टरांना सांगा, आयटीतले आहात तर होम असिस्टंट नावाचं, सगळ्या स्मार्ट वस्तू एका जागेवरून चालवणारं सॉफ्टवेअर बघा. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, घरातल्याच छोट्या कॉम्प्युटरवर चालतं, बाहेरच्या सर्व्हरची गरज नाही, आणि शनिवार-रविवार त्यांना खेळायला काहीतरी मिळेल. वस्तू घेताना मॅटर किंवा झिगबी (स्मार्ट वस्तूंची कमी वीज लागणारी वायरलेस पद्धत) लिहिलंय का बघायला सांगा. मॅटर हे वेगवेगळ्या कंपन्यांनी मिळून काढलेलं मानक, त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मधे आली, फायदा हा की एका कंपनीची वस्तू दुसरीच्या ॲपमधे चालते. पण खातं आणि पासवर्ड फक्त त्यांच्याच मोबाईलमधे नको. मंगळवारी काही अडलं तर तुम्ही घरी असणार आहात, ते नाही.

कोटेशनवाल्यांना हे विचारा, फोनवर नको, लेखी घ्या. इंटरनेट बंद असताना काय काय चालेल? एक पॅनल बिघडलं तर सुटं मिळेल का आणि तोपर्यंत तिथे साधं बटण बसेल का? तुमची कंपनी उद्या बंद झाली तर दुसऱ्याला हे उघडता येईल का? वार्षिक काही भरायचंय का? पंखे बीएलडीसी आहेत, मग फॅन मॉड्यूल का लावलंत? पाचातल्या तीन प्रश्नांना "सर त्याची काळजी करू नका" असं उत्तर आलं, तर काळजी करा.

वायरमनशी भांडू नका, तो माणूस तुम्हाला पुढची दहा वर्षं लागणार आहे. लायसन्स आहे ना एवढं बघा. त्याला तोंडी सांगण्यापेक्षा भिंतीवरच खडूने लिहा, कुठे न्यूट्रल, कुठे जादा पाइप, कुठे कॅट सिक्स, जादा पॉइंटचे पैसे आधी ठरवा म्हणजे तो मनापासून करेल. आणि प्लॅस्टर व्हायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून पाइप किती अंतरावर आहे ते दिसेल असा. पुढच्या वर्षी कोणीतरी देवघराचा फोटो लावायला ड्रिल मारेल तेव्हा हेच फोटो कामाला येतात. फोटो मोबाईलमधे ठेवू नका नुसते, घरच्या ग्रुपवर टाका, अमेरिकेला पण जाऊ दे, दिरांना रोज लिंक पाठवण्यापेक्षा बरं काम मिळेल.

दिवाळीपर्यंत काय काय होईल असं विचाराल, तर वायरिंग, टाकीचा कंट्रोलर, रात्रीचे पायाशी लागणारे दिवे, आणि वरच्या पॅसेजचा ॲक्सेस पॉइंट, एवढं आरामात होतं. स्विचच्या मागची मॉड्यूलं जानेवारीपर्यंत थांबवा, तोवर घरात राहून कळेल की कुठला दिवा खरंच रोज उठून लावावा लागतो, बहुतेक तीन-चारच निघतील. कोटेशनवाल्यांची लेखी उत्तरं आली की मला पाठवा, त्यातली फॅन मॉड्यूलची ओळ मला वाचायचीय.